ओढ्यांची वही आणि तिसऱ्यांदा नीट

हिंगोली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीला बारावी विज्ञानला ७१ टक्के मिळाले. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. यंदा तिसऱ्यांदा बसवायचं आहे आणि क्लासची फी भरायची त्यांची तयारी आहे. मुलगी मात्र गावातल्या पाणलोटाच्या कामावर जाते. शिवारातल्या ओढ्यांची नावं म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत उतरवते आणि कोणता ओढा कुठल्या नदीला मिळतो याचे नकाशे मोबाइलवर करते. वडिलांनी मोबाइल काढून घेतला. ‘तुझ्यापायी धाकट्याचं शिक्षण अडलंय’ असंही सुनावलं. आता ती कुणाशी बोलत नाही, जेवायलाही एकटीच बसते. ‘नद्यांची सगळी नावं आणि खोरी सरकारने कधीच ठरवून ठेवली आहेत, हिला त्यात काय करायचंय? तुम्हीच तिच्या डोक्यातून हे खूळ काढा,’ असं ते लिहितात.

नमस्कार,

तुमच्या पत्रात गुणांचा हिशेब तीनदा आला आहे. मुलगी गप्प झाली आहे हे एकदाच, तेही अगदी शेवटी. मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या ओळीची, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

धाकट्याचं शिक्षण तिच्यामुळे अडलं, हे खरं नाही. क्लास तिने मागितला नव्हता, असं तुमच्याच पत्रावरून दिसतं. दोन वर्षांची फी भरण्याचा निर्णय तुमचा होता. तो चांगल्या हेतूने घेतला असेल, पण त्याचं ओझं एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. दोन वेळा नापास झाल्याचं दुःख तिला आहेच. त्यात भावाचं नुकसान केल्याचा दोष आला की मूल आतून खचतं. आज घरी गेल्यावर तिच्या भावासमोर तिला स्पष्ट सांगा, ‘मी तसं बोलायला नको होतं, पैशांचा प्रश्न माझा आहे.’ मोबाइल परत द्या. तिची झोप आणि जेवण पंधरा दिवसांत सुधारलं नाही तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘जगून काय उपयोग’ असं काही ती बोलली, तर पंधरा दिवसही थांबू नका. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे, तुम्ही स्वतःही तिथे बोलू शकता. हे होईपर्यंत कोणत्याही परीक्षेचा फॉर्म भरू नका.

आता ‘सरकारने कधीच ठरवून ठेवलं आहे’ या वाक्याकडे येतो. सुशिक्षित माणसंही असंच समजतात, पण तुमच्या जिल्ह्यात उभं राहून पाहिलं तरी हा समज टिकत नाही. हिंगोली जिल्ह्यात एका बाजूचं पाणी पूर्णेला जातं आणि ती शेजारच्या परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. दुसऱ्या बाजूचं पाणी कयाधूतून पैनगंगेला, तिथून वर्धेला, पुढे प्राणहितेला जातं आणि पार सिरोंचाजवळ गोदावरीत उतरतं. दोन्हीकडचं पाणी वेगळं करणारा मधला दुभाजक कुठे उंच टेकडीवरून, तर कुठे डोळ्यांना चढही जाणवणार नाही अशा शेतातून जातो. त्यात पूर्णा एकच नाही. अकोला-अमरावतीकडची पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते, तुमची पूर्णा बंगालच्या उपसागराकडे, आणि तिसरी गुजरातेत नवसारीजवळून थेट समुद्राला मिळते. नुसत्या नावावर नोंद ठेवली तर एका नदीची माहिती दुसरीच्या खात्यावर जाईल. म्हणून खोऱ्यांना संकेतांक देतात, आणि तेही एकाच पद्धतीचे नाहीत. १९९० साली निघालेल्या केंद्राच्या पाणलोट अॅटलासमध्ये देशाचे ६ विभाग, ३५ खोरी आणि त्याखाली उतरत्या क्रमाने ३,२३७ पाणलोट आहेत. त्यात गोदावरी ‘४ई’: बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा चौथा विभाग आणि त्यातलं ‘ई’ हे खोरं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मात्र महाराष्ट्राचे दीड हजारांहून जास्त पाणलोट मोजते आणि त्यांना वेगळे संकेतांक देते, उदाहरणार्थ भीमेच्या खोऱ्यातल्यांना ‘बीएम’. सिंचनाच्या नियोजनासाठी राज्याने ५ खोरी आणि २५ उपखोरी धरली आहेत. ब्राझीलचे अभियंते ओटो फाफस्टेटर यांनी १९८९ मध्ये आणखी एक पद्धत मांडली. तिच्यात मुखाकडून वर जाताना चार मोठ्या उपनद्यांच्या खोऱ्यांना सम अंक मिळतात, मधल्या भागांना विषम, आणि प्रत्येक तुकड्याची पुन्हा तशीच विभागणी होते. त्यामुळे आकडा वाचूनच कोण वरच्या अंगाला आणि कोण खाली हे कळतं. या पद्धती एकमेकींशी जुळवणं हे आजही चालू असलेलं काम आहे.

हे कागदावरचं काम आहे असं वाटत असेल तर जायकवाडी आठवा. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या टंचाईचा भार सगळ्यांनी समान सोसायचा म्हटल्यावर नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं हा वाद ऊर्ध्व गोदावरी उपखोरं धरूनच लढला गेला. तुमच्या गावाचंही तसंच आहे. एखादा पाणलोट ‘अतिशोषित’, म्हणजे मुरतं त्याहून जास्त भूजल उपसलं जाणारा, ठरला की नव्या विहिरींवर आणि त्यांच्या अनुदानावर बंधनं येतात. अशा वेळी आपलं शिवार कुठल्या पाणलोटात धरलं गेलं आहे, ते माहीत असणारी व्यक्ती गावात असावी लागते.

आता उपग्रह आणि संगणक हे सगळं आपोआप करतात, असं कुणी तुम्हाला सांगेल. उंचीच्या आकडेवारीवरून दुभाजक आखणारी सॉफ्टवेअर आहेत, काही फुकटही मिळतात. पण रस्त्याचा भराव त्यांना बांध वाटतो, पुलाखालून वाहणारं पाणी त्यांना दिसत नाही, आणि सपाट काळ्या रानात त्यांची रेघ भलतीकडेच जाते. ती रेघ बरोबर आहे का, हे पावसाळ्यात शिवारात जाऊन पाहावंच लागतं. ओढ्याचं नाव तर कोणताही उपग्रह सांगत नाही. तुमची मुलगी नेमकं हेच काम करते आहे, आणि ते तिला कुणी शिकवलेलं नाही.

आता पोटापाण्याचं. ‘खोऱ्यांचं वर्गीकरण’ या नावाची नोकरी नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा. हे काम भूजलतज्ज्ञ, जीआयएस (संगणकावरचे नकाशे आणि त्यांची माहिती) विश्लेषक किंवा पाणलोट नियोजक म्हणून करावं लागतं. सरकारी जागा कमी निघतात आणि वेळेवर निघतातच असं नाही. स्वयंसेवी संस्थांत काम मिळतं, पण पगार सुरुवातीला बेताचा असतो. डॉक्टरच्या कमाईशी तुलना करणार असाल तर आत्ताच करून घ्या, पाच वर्षांनी तिला ऐकवू नका.

माझा स्पष्ट सल्ला: तिसऱ्यांदा नीट नको. भूशास्त्र घेऊन बीएस्सी करू द्या. इथे एक चूक बऱ्याच मुलांकडून होते. नकाशांची आवड म्हणून ती भूगोलाला जातात आणि पदव्युत्तर झाल्यावर कळतं की केंद्रीय भूजल मंडळातल्या पदासाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा द्यायला भूशास्त्राची किंवा भूजलशास्त्राची एमएस्सी लागते. भूगोल वाईट नाही, पण हे दार त्यामुळे बंद होतं. भूशास्त्र सगळ्या महाविद्यालयांत नसतं. पुण्यात फर्ग्युसनला आहे, पण आधी मराठवाड्यातल्या जवळच्या महाविद्यालयांत चौकशी करा म्हणजे राहण्याचा खर्च वाचेल. पुढे जॅम आणि गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, डेहराडूनच्या रिमोट सेन्सिंग संस्थेचे अभ्यासक्रम, हे सगळं तिसऱ्या वर्षी बघता येईल.

क्लाससाठी बाजूला काढलेले पैसे धाकट्याच्या नावाने ठेवा. त्यामुळे घरातली ती तक्रारही मिटेल.

मुलीसाठी एक काम. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. आपल्या गावचा नकाशा उतरवून घे आणि वहीतला प्रत्येक ओढा त्यावर शोध. नकाशात रेघ आहे पण नाव नाही, असे ओढे वेगळे काढ. प्रत्येकापुढे नाव कुणी सांगितलं, कोणत्या गावात, आणि खालच्या गावात त्याच ओढ्याला काय म्हणतात, हे लिही. दोन गावांत दोन नावं निघाली तर दोन्ही ठेव, एक खोडू नकोस. काम झालं की मला पाठव. पत्र तू लिही, बाबांनी नको.