दीड वर्षाचा बूस्टर राहून गेला, तर लसीकरण पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं का?

नाही, पहिल्यापासून काही करायचं नाही. तुमची मुलगी तीन वर्षांची आहे आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे) तिन्ही डोस झालेत, असं तुम्ही लिहिलंय. ते वाया जात नाहीत. राहिलेला बूस्टर, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची त्रिगुणी लस, आता द्यायचा, एवढंच. त्रिगुणी लस सात वर्षं पूर्ण होईपर्यंत देतात; त्यानंतर टीडी, म्हणजे डांग्या खोकल्याचा भाग नसलेली धनुर्वात-घटसर्पाची लस.

मी उपकेंद्रावर बरीच वर्षं आरोग्यसेविका होते. सगळ्यात जास्त बुडायचा तो हाच डोस. नऊ महिन्यांची गोवराची सुई झाली की घरचे म्हणायचे, 'झालं सगळं', आणि कार्ड जायचं कपाटात साड्यांखाली. तुमचं कार्ड काढून बघा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पोलिओचा बूस्टरही 16 ते 24 महिन्यांतच असतो, तेही राहिले असतील.

घटसर्प मी एकदाच पाहिला. आठ-नऊ वर्षांचा पोरगा, मान फुगलेली, घशात करडा पापुद्रा. तो ओढायला गेलं तर रक्त येतं. कार्डावर तान्हेपणीचे तिन्ही डोस होते, पुढचे रकाने कोरे. त्या डोसांचं बळ हळूहळू ओसरतं, म्हणून दीड वर्षाला आणि परत पाच-सहा वर्षांला बूस्टर. 'सोसायटीत सगळ्यांनी घेतलीय, मग आपल्याला काय धोका' हे धनुर्वाताला तर मुळीच चालत नाही. तो माणसाकडून लागत नाही, मातीतून जखमेत शिरतो.

आता तुमच्या सासूबाईंचा मुद्दा, की सरकारी लसीने ताप येतो, खासगीतली द्या. ताप येतो हे त्यांचं खरंय. सरकारी लसीत डांग्या खोकल्याचा मेलेला पण अख्खा जिवाणू असतो. खासगीतल्या 'न दुखणाऱ्या' लसीत त्याचे निवडक अंश असतात, म्हणून ताप कमी. पण या खासगी लसीचं संरक्षण लवकर उतरतं. मी माझ्या नातवाला सरकारीच दिली. रात्रभर किरकिरला, पॅरासिटामॉल दिलं, तिसऱ्या दिवशी अंगणात पळत होता.

मागच्या डोसानंतर झटके आले असतील किंवा अंगावर मोठी रिअॅक्शन उठली असेल, तर सुई देण्याआधी सिस्टरला सांगा. सुईची जागा चोळू नका, आणि अर्धा तास तिथेच थांबा.