आवाज येतोय ना?

"स्क्रीनवरून कुणाला माझ्या मनातलं काय कळणार? आणि मला तसा काही आजार नाही, मग थेरपी घ्यावी का?" मी व्हिडिओ कॉलवरून थेरपी, म्हणजे मानसोपचार करते, त्यामुळे हे दोन प्रश्न मला सतत विचारले जातात. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. थेरपीला येण्यासाठी आजारी असावं लागत नाही. सगळं नीट चाललंय तरी कुणाच्या जवळ जाता येत नाही, एवढं कारण पुरतं. पहिला प्रश्न विचारणाऱ्यांना मी हल्ली एक अनुभव सांगते. ज्यांचा तो आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशीतले गृहस्थ. नोकरी स्थिर, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. पहिल्या सत्रात म्हणाले, "बायको म्हणते, तू घरात असतोस पण सापडत नाहीस. तिचं म्हणणं कळतं मला. करायचं काय, ते कळत नाही."

ते उभ्या गाडीत बसून बोलायचे. घरी सांगितलेलं असायचं, ऑफिसचा कॉल आहे. मी हरकत घेतली नाही. ऑनलाइन सत्राला दार बंद होणारी जागा लागते आणि पुष्कळांना ती गाडीतच मिळते.

दोन गोष्टी माझ्या लवकरच ध्यानात आल्या. बोलताना त्यांची नजर सारखी स्क्रीनच्या कोपऱ्याकडे जायची, जिथे त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता. कपाळावर आठी आली की ते ती लगेच पुसून टाकत. व्हिडिओ कॉलचा शीण का येतो याची जी कारणं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडली, त्यात सतत स्वतःला पाहत राहणं हे एक आहे. मी या गृहस्थांना स्वतःच्या चेहऱ्याची ती चौकट लपवायला सांगितलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. मी तीन-चार सेकंद गप्प राहिले की लगेच, "हॅलो? आवाज येतोय ना?"

एका खोलीत बसलेलो असतो तर शांतता ही शांतताच असती. स्क्रीनवर मात्र माणूस गप्प झालाय की नेट गेलंय, हे पटकन कळत नाही. ऑनलाइन थेरपीची ही खरी अडचण आहे, ती मी नाकारणार नाही. म्हणून मी दर वेळी सांगू लागले, "येतोय आवाज. मी इथेच आहे, तुम्ही बोललात त्याचा विचार करतेय." सहाव्या सत्रात मात्र विचारलं, "मी गप्प झाले की तुमच्या आत नेमकं काय होतं?"

ते काचेतून बाहेर बघत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "वडील चिडले की दिवसच्या दिवस बोलायचे नाहीत. मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या खोलीच्या दारात जायचो. राग उतरलाय का, बघायला."

बायको गप्प झाली की हे गृहस्थ एक तर घाईघाईने उपाय सुचवत, नाही तर खोलीतून निघून जात. हे सगळं समोरच्या खुर्चीत बसून ते इतक्या लवकर बोलले असते, असं मला वाटत नाही. ऑनलाइन असताना माणसं एरवीपेक्षा मोकळी होतात, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्येच लिहून ठेवलंय. दुतर्फी टीव्हीवरून मानसोपचाराचे प्रयोग तर अमेरिकेत नेब्रास्काला १९५९ पासून झालेत, तेव्हा हे काही कालपरवाचं खूळ नाही.

पण ज्यासाठी हा अनुभव सांगतेय, ते नवव्या सत्रात घडलं. त्या दिवशी नेट अडखळत होतं. ते मुलीबद्दल काही सांगत होते, मधली दोन वाक्यं तुटली आणि पुढे संदर्भ लागेल असं समजून मी मान हलवली. ते थांबले.

"मॅडम, तुम्हाला ऐकू आलं नाही ना आत्ता?"

"नाही आलं. आणि तरी मी मान हलवली. चुकलं माझं."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. आठी पुसली नाही. "मग तसं सांगायचं ना! मी इतकं मनापासून सांगतोय." नऊ सत्रांत पहिल्यांदाच ते माझ्यावर रागावले होते. मी त्यांना ती वाक्यं पुन्हा सांगायची विनंती केली.

"मुलगी चित्र दाखवायला आली होती. मी फोनवरून नजर न काढता छान म्हणालो. ती म्हणाली, बाबा, मी कागद उलटा धरलाय."

एवढं बोलून त्यांचा आवाजच बसला. पुढची पंधरा मिनिटं ते रडत होते, मी समोर होते. नेट चालू होतं की नाही, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे जायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपुलकीचा बंध. यांतल्या एकालाही एकच खोली लागत नाही. लागते ती, चुकलं तर ते बोलून दाखवण्याची आणि ऐकून घेण्याची तयारी.

सगळ्यांना मी ऑनलाइन सुचवत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार तीव्र असतील, घरात मारहाण होत असेल, कुणी चोरून ऐकत असेल किंवा वास्तवाचं भान सुटत असेल, तर प्रत्यक्ष मदतच हवी. म्हणूनच पहिल्या सत्रात मी पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर मागते. तुमच्या थेरपिस्टने तो मागितला नाही, तर तुम्ही विचारा.

चौदाव्या सत्राला त्यांच्या मागे गाडीची सीट नव्हती, घरातली भिंत होती. मध्येच दार उघडलं, बायकोने विचारलं, "ऑफिसचा कॉल?"

"नाही गं. थेरपी चाललीय माझी. दहा मिनिटांत येतो, मग बोलू."

दार हळूच लागलं. ते माझ्याकडे वळले. "हं, कुठे होतो आपण?"