होल्डओव्हरचा तक्ता स्वतःच काढ

भाऊ, एअर रायफलीनं कुठल्या अंतराला किती वर धरून नेम घ्यायचा, तो होल्डओव्हरचा तक्ता दुसऱ्याचा उतरवून घेऊ नकोस. सकाळी दिवस कासराभर वर यायच्या आत, वारं पडलेलं असताना, विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यापुढं कागद लाव. टेपनं 25 मीटर मोजून झिरो कर, म्हणजे स्कोपचा (रायफलीवरच्या दुर्बिणीचा) मध्य जिथं, तिथंच छर्रा लागेल असं जुळव. मग स्कोपचे स्क्रू न फिरवता 10, 15, 30, 40 मीटरवर पाच-पाच छर्रे मार. 40 वर 6 सेंटिमीटर खाली लागले? तिथं एक मिल (अंतराचा हजारावा भाग) म्हणजे 4 सेंटिमीटर, म्हणून दीड मिल वर धर.

नवी पोरं फसतात जवळ. स्कोप नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसतो, त्यामुळं 10 मीटरवरही छर्रा खालीच लागतो. माझ्या रायफलीला तर 10 ला आणि 40 ला स्कोपमधला, मिल मोजायचा जवळपास एकच ठिपका चालतो! झूम मात्र हलवू नकोस. बहुतेक स्कोपांत त्यानं ठिपक्यांचा हिशेब बदलतो. आकडे चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला डकव.