साडेचार वर्षांच्या मुलाला आत्ताच फुटबॉल कोचिंगला घालावं का? (पणजी, फ्लॅटमध्ये राहतो)

घातलंत तरी हरकत नाही, पण त्याआधी आणि त्यासोबत घरी दुसरं काम करा. मी गोव्यातल्या एका प्राथमिक शाळेत पीटी शिकवते. आपल्याकडे चालायला लागलेल्या पोरासमोर पहिला येतो तो फुटबॉल. 2012 पासून तो राज्याचा अधिकृत खेळच आहे, भात कापून झाल्यावर शेतंसुद्धा मैदानं होतात. त्यामुळे लाथ मारणं मुलं आपोआप शिकतात. मागे राहतात ते हात. पहिलीत आलेली कितीतरी मुलं बॉल अंगावर आला की डोळे मिटून मान फिरवतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही भीती घालवणं सोपं असतं.

झेलायला सुरुवात फुग्याने करा. तो सावकाश खाली येतो, मुलाला बघायला वेळ मिळतो. मग मोठा मऊ बॉल, दोन पावलांवरून, खालून हळूच टाकलेला. या वयात मूल बॉल छातीशी कवटाळतं. कवटाळू दे. नुसत्या हातांनी झेलणं नंतर येतं.

फेकण्यात बहुतेक पालक "नेम धर" म्हणतात. नेम धरायला लावला की मूल ताठ उभं राहून नुसता हात हलवतं. त्याऐवजी "जोरात फेक, त्या भिंतीपर्यंत!" म्हणा. जोर लावायचा म्हटलं की कंबर वळते, पाऊल पुढे पडतं. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे यायला हवा. तो येत नसेल तर खडूने जमिनीवर एक पाऊल काढा आणि "फेकताना यावर पाय टाक" एवढंच सांगा. बॉल म्हणून गुंडाळलेले मोजे चालतात, फ्लॅटमधल्या काचाही वाचतात. पावसाचे चार महिने मी हेच करायला सांगते. पुढे याच फेकीवर लगोरी, क्रिकेट, बॅडमिंटनचा स्मॅश, सगळं उभं राहतं.

उडी मारताना लक्ष उतरण्याकडे द्या. खालच्या पायरीवरून "मांजरासारखा, आवाज न करता" उतर म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात. पाऊस नसताना मिरामारच्या किनाऱ्यावर न्या: उड्या कोरड्या वाळूत, पळणं पाण्याजवळच्या घट्ट वाळूवर, अनवाणी. लंगडी मात्र घरातही होते. साधारण पाचव्या वर्षी मूल एका पायावर उडी मारू लागतं. सहाव्या वर्षाकडे झुकूनही जमत नसेल किंवा ते सारखं धडपडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जागतिक आरोग्य संघटना 3-4 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटं हालचाल सांगते, त्यात 60 मिनिटं दमवणारी. आकडा मोठा वाटतो, पण जिने, बाजारापर्यंत चालणं, खाली अंगणातली पळापळी सगळं त्यात धरायचं. आठवड्यातून दोनदा तासभर कोचिंगने हे भरून निघत नाही.

क्लास निवडताना एक दिवस बाजूला बसून बघा. मुलं रांगेत उभी राहून आपल्या पाळीची वाट बघत असतील तर तिथे पैसे घालू नका. प्रत्येकाकडे बॉल हवा, तोही तीन नंबरचा (लहान मुलांच्या मापाचा), आणि मधेमधे शिवणापाणीसारखा खेळ असेल तर बिनधास्त नाव नोंदवा.