प्रबंधांच्या संग्रहात काय वाचावे : एका संशोधक विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. वाड्यांच्या लाकूडकामावर पीएच.डी.साठी नाव नोंदवण्यापूर्वी जगात इतरांनी कसे काम केले आहे ते पाहावे, म्हणून तू अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा, म्हणजे एमआयटीचा, डिजिटल संग्रह उघडलास. रेणूंतील बले, हलणारी शिल्पे, अंतराळयानांच्या भेटी आणि चीनमधल्या बांबूच्या इमारती असे सगळे एकाच शोधखिडकीतून बाहेर पडताना पाहून तू गोंधळलीस. यातले आपल्या कामाचे कोणते आणि सोडून द्यावे असे कोणते, असे तू विचारतेस. माझा सल्ला असा की ही निवड विषयावरून करू नकोस. त्या संग्रहातल्या प्रत्येक लेखकाला, मग तो समीकरण मांडणारा असो वा शिल्प घडवणारा, आपला प्रश्न अनोळखी परीक्षकापुढे लिहून मांडावा लागला आहे. तो प्रश्न कसा मांडला आहे, एवढेच वाचण्यासाठी तिथे जा. उत्तरे पुष्कळदा तुझ्या कामाची नसतील.

आधी हे वैविध्य येते कुठून ते समजून घे, म्हणजे निम्मा गोंधळ ओसरेल. एमआयटीच्या ग्रंथालयाने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या साहाय्याने असे डिजिटल संग्रह चालवण्यासाठी डीस्पेस ही प्रणाली तयार करून नोव्हेंबर २००२ मध्ये खुली केली. ती मुक्त असल्यामुळे पुढे जगभरच्या विद्यापीठांनी उचलली आणि आपल्याकडचे प्रबंधांचे संकेतस्थळ शोधगंगाही तिच्यावरच उभे आहे; तेव्हा तिथे लागलेली वाचनाची सवय इथे वाया जाणार नाही. अशा संग्रहात प्रबंध येतो तो कोणा संपादकाला आवडला म्हणून नव्हे, तर त्यावर पदवी दिली गेली म्हणून. परीक्षकांनी एकदा निवड केली की संग्रह पुन्हा निवड करत नाही. म्हणून एलेन स्वालो यांनी १८७३ साली कोलोरॅडोतील खनिजांवर लिहिलेला छोटा प्रबंध तिथे आहे (एमआयटीत प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री), आणि ज्यांचे नाव पुढे कोणीच ऐकले नाही अशा शेकडो विद्यार्थ्यांचेही प्रबंध तिथे आहेत. मासिकांत आणि पुस्तकांत ही समानता आढळत नाही. तुझ्यासारख्या नवख्या संशोधकाला तिचा मोठा उपयोग आहे, कारण तिथे ज्येष्ठांनी पन्नाशीत लिहिलेले पक्के काम नसून त्यांनी तुझ्या वयात लिहिलेले पहिले काम वाचायला मिळते.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचा १९३९ चा बी.एस.चा प्रबंध हे याचे उदाहरण. तो रेणूंतील बलांवर आहे, तुला त्यातले गणित नको आहे, त्यामुळे त्याच्या पानांची संख्या पाहून पुढे जा. एक नेमका प्रश्न किती थोड्या पानांत मांडून सोडवता येतो एवढे त्यातून कळले तरी पुरे.

क्लॉड शॅनन यांच्या एम.एस.च्या प्रबंधापाशी मात्र थांब. तो १९३७ च्या ऑगस्टमध्ये लिहून झाला, पण त्यावरची पदवी १९४० ची आहे. संग्रहातल्या नोंदीत दिसणारे साल आणि मुखपृष्ठावरचे साल वेगळे असू शकते, हे या एका उदाहरणावरून कायमचे लक्षात ठेव. संदर्भ देताना मुखपृष्ठ पाहिल्याशिवाय साल लिहू नये. शॅनन यांच्यापुढचा प्रश्न वरवर पाहता अगदी कारागिरीचा होता. स्वयंचलित टेलिफोन केंद्रांत आणि तशाच गुंतागुंतीच्या यंत्रणांत रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) व साधे स्विच यांची जोडणी शेकडो प्रकारे करता येते, मग त्यातली सर्वांत साधी जोडणी अंदाजाने न शोधता पद्धतीने कशी शोधावी? जॉर्ज बूल यांनी एकोणिसाव्या शतकात तर्कशास्त्रासाठी रचलेले बीजगणित त्यांनी या तारांना लावले आणि आजच्या साऱ्या अंकीय मंडलांचा पाया घातला गेला. पण मला तुला दाखवायचे आहेत ते शेवटचे काही भाग. एवढा मोठा सिद्धान्त मांडल्यावर ते थांबले नाहीत. बटणांच्या ठरावीक क्रमाने उघडणारे विजेचे कुलूप आणि द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांनी, बेरीज करणारे मंडल अशी प्रत्यक्ष उदाहरणे त्यांनी आकृत्यांसह सोडवून दाखवली. तुझ्या आराखड्यात तू ‘अलंकरणाचे सौंदर्यशास्त्र’ असा लांबरुंद शब्दप्रयोग केला आहेस. त्याखाली एका विशिष्ट वाड्यातल्या एका विशिष्ट महिरपीचे उदाहरण तुला सोडवून दाखवता येईल का, हे आधी पाहा. येत नसेल, तर तो शब्दप्रयोग काढून टाक.

शॅनन यांच्याच मार्गदर्शनाखाली १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’वरचा प्रबंध पूर्ण केला. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढायच्या आणि ‘या दोन समांतर असाव्यात’, ‘या समान लांबीच्या असाव्यात’ अशा अटी घातल्या की यंत्राने चित्र स्वतः सुधारून घ्यायचे, अशी ती रचना होती. आज तू ज्या प्रणालीवर वाड्यांचे नकाशे काढतेस तिचे मूळ तिथे आहे. त्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण मन लावून वाच. तिथे पुलाच्या कैचीवर पडणाऱ्या बलांची आकृती आहे, विजेच्या मंडलांच्या आकृत्या आहेत, आणि त्यांच्याच ओळीत कलात्मक रेखाटने असा स्वतंत्र भाग असून त्यात डोळा मिचकावणाऱ्या एका मुलीचे चित्र आहे. अभियांत्रिकीच्या प्रबंधात ते चित्र गंमत म्हणून आलेले नाही, कारण एक अवयव बदलून तोच चेहरा पुन्हा उभा करता येतो हे दाखवण्याचे काम ते करते. त्याच प्रकरणात सदरलँड मोकळेपणाने सांगतात की चित्रातून नुसत्या चित्रापेक्षा अधिक काही मिळणार असेल तरच ते संगणकावर काढण्यात अर्थ आहे. वाड्यांची मोजमापे घेऊन तू जी रेखाचित्रे काढणार आहेस त्यांना हीच कसोटी लाव. शंभर रेखाचित्रांपैकी ज्यांतून खणाचे माप, जोडकामाची रीत किंवा सुताराच्या हाताची सवय यांपैकी काहीतरी कळते, तेवढी प्रबंधात ठेव. बाकीची परिशिष्टातही नकोत.

आता कलेकडे वळतो, कारण तुझ्या मनातली खरी शंका तिथे आहे. कला शिकणाऱ्याने प्रबंध लिहावा तरी कशाला, असे तुझ्या एका शिक्षकांनी म्हटल्याचे तू कळवलेस. एमआयटीत हा प्रश्न फार पूर्वीच मागे पडला आहे. आय. एम. पेई यांनी १९४० साली वास्तुकलेच्या पदवीसाठी युद्धकाळातल्या आणि शांतताकाळातल्या चीनसाठी प्रमाणित प्रचारकेंद्रांची रचना सादर केली. बांबूचे हलके सुटे भाग गावोगावी नेऊन उभारायचे आणि तिथे लोकशिक्षण चालवायचे, अशी ती कल्पना. पुढे पॅरिसच्या लूव्रमध्ये काचेचा पिरॅमिड उभारणारा माणूस विद्यार्थीदशेत बांबूच्या जोडांचा विचार करत होता, हे त्यांच्या इमारतींच्या छायाचित्रांतून कळले नसते.

पेईंनंतर पंधरा वर्षांनी त्याच विभागात आपले वास्तुकार चार्ल्स कोरिया होते. त्यांनी १९५५ मध्ये मोडकळीला आलेल्या वस्त्यांविषयी स्वतः लिहिलेला आणि स्वतः चित्रित केलेला ॲनिमेशनपट पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून केला. आपल्या भागाची दुरुस्ती तिथल्या रहिवाशांनीच हाती घ्यावी, हा त्याचा विषय. दहा वर्षांच्या आत हेच कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह, मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवावे असा प्रस्ताव मांडत होते, आणि १९८० च्या दशकात त्यांनी बेलापूरला रहिवाशांना आपल्या गरजेप्रमाणे वाढवता येतील अशी छोटी छोटी घरे बांधली. त्यांनीच रचलेली पणजीची कला अकादमी तू पाहिली आहेस. बेलापूरची ती घरेही आता एकदा जाऊन पाहा, आणि विद्यार्थीदशेतल्या चित्रपटातला प्रश्न तीस वर्षांनी विटामातीत कसा उतरला याचा विचार कर. त्याच काळात तिथे चित्रकार ग्यॉर्गी केपेश आणि नगररचनाकार केव्हिन लिंच हे दोघे मिळून बॉस्टन शहर माणसाच्या डोळ्याला कसे दिसते याचा अभ्यास करत होते. त्यासाठी रस्ते, पाट्या, जिने, दुकाने यांची शेकडो छायाचित्रे घेतली गेली आणि आज ती एमआयटीच्या डिजिटल संग्रहात पाहता येतात. ती छायाचित्रे कला म्हणून घेतली की संशोधन म्हणून, असे विचारशील तर मला उत्तर देता येणार नाही, आणि त्याची मला फारशी गरजही वाटत नाही.

अलीकडच्या कामांत केसी रीस यांचा २००१ चा, भोवतालाला प्रतिसाद देणाऱ्या हलत्या शिल्पांवरचा प्रबंध आणि बेन फ्राय यांचा २००४ चा, माहितीच्या दृश्य मांडणीवरचा प्रबंध वाच. दोघेही जॉन माएदा यांच्या गटातले. या दोघांनी मिळून कलाकारांसाठी ‘प्रोसेसिंग’ ही आज्ञावलीची भाषा केली आणि ती आजही कलाशाळांत शिकवली जाते. रीस यांच्या प्रबंधातूनच अशा संग्रहाची मोठी मर्यादाही तुला दिसेल. शिल्प हलत होते, आणि संग्रहात उरली आहेत ती त्याची स्थिर छायाचित्रे व वर्णन. टीएक्स-२ वर चालणारे स्केचपॅडही आता प्रबंधातल्या शब्दांतून आणि आकृत्यांतूनच समजून घ्यावे लागते. म्हणून कलेचा प्रबंध वाचताना हे वर्णन प्रत्यक्ष वस्तूच्या गैरहजेरीत उभे राहते का, असे सतत विचारत राहा. ज्या विद्यार्थ्यांनी कृती कशी केली, कोणते साहित्य वापरले, काय फसले हे नीट लिहिले, त्यांचे काम वस्तू नष्ट झाल्यावरही वापरता येते. ज्यांनी केवळ भावना लिहिल्या, त्यांचे येत नाही. मला तरी कला विभागांतल्या प्रबंधांत हा दुसरा प्रकार जरा जास्त आढळतो.

प्रस्तावनेबरोबर ऋणनिर्देश आणि अर्पणपत्रिकाही वाचत जा, त्यांतून माणसे भेटतात. बझ ऑल्ड्रिन यांनी १९६३ मध्ये कक्षेतल्या दोन यानांच्या मानवी नियंत्रणाखालील भेटीवर प्रबंध लिहिला आणि तो अंतराळवीरांना अर्पण करताना आपल्यालाही त्यांच्यात सामील होता आले असते तर, अशी इच्छा व्यक्त केली. त्याच वर्षी त्यांची निवड झाली. जेमिनी-१२ च्या उड्डाणात रडार नीट चालेनासे झाले, तेव्हा दुसऱ्या यानापर्यंत पोहोचायला त्यांना याच अभ्यासाचा उपयोग झाला.

आता आपल्याकडचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची डिजिटल प्रत देणे बंधनकारक झाले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा संग्रहात त्या जमा होऊ लागल्या. तिथे प्रकरणवार स्वतंत्र धारिका असतात, त्यामुळे एखाद्या प्रबंधाची संदर्भसूची तेवढी काढून पाहणे सोपे जाते. नवा विषय हाती घेताना मी विद्यार्थ्यांना तिथूनच सुरुवात करायला सांगतो. मराठी विषय शोधताना देवनागरीत शोध, मग रोमन लिपीत शोध, आणि रोमनमध्ये वाडा हा शब्द एकेरी आणि दुहेरी ‘ए’ने लिहून दोन्ही प्रकारे शोध. केवळ वास्तुकलेच्या विभागापुरती थांबू नकोस. वाड्यांविषयी इतिहास, समाजशास्त्र, भूगोल, मराठी साहित्य अशा विभागांतून लिहिले गेलेले असते, आणि लाकडाविषयीची माहिती वनस्पतिशास्त्राकडे मिळू शकते. ज्या विषयांचे प्रबंध स्वीकृत झालेले नाहीत, पण काम सुरू आहे, त्यांचे आराखडे त्याच केंद्राच्या शोधगंगोत्री या संग्रहात पाहा, म्हणजे दुसऱ्याच्या चालू कामावर तुझे काम जाऊन आदळणार नाही.

शेवटी तुझ्या स्वतःच्या नोंदीविषयी, कारण बहुतेक विद्यार्थी ती प्रबंध बांधून झाल्यावर घाईत भरतात आणि मग चार वर्षांचे काम कोणाला सापडत नाही. सारांश दोन्ही भाषांत लिही. विषयसूचक शब्दांत ‘वास्तुकला’ आणि ‘वारसा’ लिहून थांबू नकोस. कडीपाट, तुळई, सुरूदार खांब, महिरप, गणेशपट्टी, दिंडी दरवाजा हे शब्द घाल, कारण उद्या एखादा सुतार किंवा जीर्णोद्धाराचे काम करणारा याच शब्दांनी शोधणार आहे. प्रत्येक वाड्याचे गाव, तालुका आणि मोजणीचा महिना रेखाचित्रावरच लिही. रेखाचित्रे पानाच्या आकारात कोंबून अस्पष्ट करू नकोस, ती पूर्ण मापाच्या वेगळ्या धारिकांत दे, आणि मूळ संगणकीय धारिकेसोबत पीडीएफही ठेव, कारण आजची प्रणाली वीस वर्षांनी उघडेलच असे नाही. मालकांची लेखी परवानगी छायाचित्रे काढण्याआधी घे, आणि ती केवळ काढण्याची नव्हे तर खुल्या संग्रहात ठेवण्याचीही असू दे. सुतारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणार असशील तर त्यांच्याकडूनही तशीच परवानगी हवी. नको म्हणाले तर मुद्रण जमा करू नये.

पुढच्या महिन्यात तुझ्या आराखड्याची बैठक आहे, असे तू लिहिले आहेस. त्याआधी सदरलँड यांचे शेवटचे प्रकरण वाच, एक वाडा आणि त्यातली एक महिरप निवड, आणि तिच्यापुरता प्रश्न एका पानात लिहून मला पाठव. चित्र जोडलेस तर सोबत मापेही असू देत.

तुझा शुभचिंतक,
एक जुना शिक्षक