सुतार, सुथार आणि जिभेचं सूत

प्रश्न : दापोलीला आमच्या वाडीत माडावर सोनेरी पाठीचा, लाल तुऱ्याचा पक्षी येतो. त्याला सुतार म्हणावं की काष्ठकूट?

सुतारच म्हणा. फक्त हुदहुदाला म्हणू नका! दिवाळी सरली की कुणीतरी अंगणातली माती टोकरणाऱ्या हुदहुदाचा फोटो 'आमचा सुतार' म्हणून पाठवतंच. तुरा दिसला की झाला सुतार? माती उकरणारा सुतार कुणी पाहिलाय?

काष्ठकूट पुस्तकी आहे. संस्कृतच हवं असेल तर दार्वाघाट घ्या, लाकडावर घाव घालणारा. वाजसनेयी संहितेत, म्हणजे शुक्ल यजुर्वेदात, अश्वमेधात कुठला पशुपक्षी कुणाला द्यायचा याची यादी आहे; तीत तो वनस्पतींच्या वाट्याला दिलाय. शोभतं.

पण खरी गंमत 'सुतार'मध्येच आहे. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार, तसा सूत्रकाराचा सुतार, असं जुळवून काही व्युत्पत्तीवाले मोकळे होतात. गुजरातीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. तिथे हाच माणूस 'सुथार' आहे. 'कार'मधून तो थ कसा काढणार? मूळ सूत्रधार, प्राकृतात सुत्तहार. त्यातला ह त-ला चिकटला की सुथार, आणि मराठीने तो गिळला की सुतार. गुजरातीचा हाथ आपल्याकडे हात झाला, तसंच.

सूत्र धरणारा, म्हणजे ओंडक्यावर गेरूत भिजवलेली दोरी ताणून टिचकी मारणारा. आधी रेघ, मग करवत. पक्ष्याकडे दोरी कुठे, असं कुणी विचारलं की मी जीभ दाखवतो (त्याची). या कुळात जिभेचा आधार कवटीच्या मागून वर चढून पार कपाळापर्यंत गुंडाळलेला असतो. सालीखालच्या फटीत तो हे सूत सोडतो आणि मुंग्या ओढून काढतो. नाव ठेवणाऱ्याने ठोकठोक ऐकूनच ठेवलं असेल, हे मलाही कळतं. तरी माझ्या मते माणसांतल्या सुतारापेक्षा हाच जास्त सूत्रधार.

हां, तुमचा पक्षी. उडताना कंबर बघा. काळी असेल, गळाही काळा नि पांढऱ्या ठिपक्यांचा असेल, तर तो नेहमीचा सोनपाठी सुतार. शेपटीचा टेकू देत खोडावर चढतो, खिदळल्यासारखा कर्कश ओरडतो. कपाळापासून लाल तो नर; मादीचं कपाळ काळं, वर पांढरे ठिपके, लाल फक्त मागचा तुरा. कंबर लाल निघाली तर पक्षी वेगळा, पुन्हा लिहा. हुदहुद निघाला तर नका लिहू.