प्रोटीनच्या रचनेतले रेसिड्यूंमधले कॉन्टॅक्ट काढताना कटऑफ किती अँगस्ट्रॉमचा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी हिमोग्लोबिनमधले कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांजवळ आलेल्या रेसिड्यूंच्या (साखळीतल्या अमिनो आम्लांच्या) जोड्या, काढायच्या आहेत, गाईड कटऑफ, म्हणजे अंतराची मर्यादा, ८ अँगस्ट्रॉम (०.८ नॅनोमीटर) घ्या म्हणतात, एका पेपरमध्ये ४.५ दिसतो, आणि दोन्हींनी येणाऱ्या याद्या जुळत नाहीत. त्या जुळणारच नाहीत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींची मोजमापं आहेत. मी इथे पुण्यात पाषाणला प्रोटीनच्या रचनांवरच काम करतो आणि बायोइन्फॉर्मेटिक्सच्या मुलांकडून हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

८ अँगस्ट्रॉम हे बहुतेक वेळा दोन रेसिड्यूंच्या सी-बीटा अणूंमधलं अंतर असतं. सी-बीटा म्हणजे साईड चेनचा, रेसिड्यूच्या बाजूला निघालेल्या शाखेचा, पहिला कार्बन. ग्लायसिनला सी-बीटा नसतो, तिथे मुख्य साखळीतला सी-अल्फा कार्बन घेतात. अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचं भाकीत करणाऱ्या पद्धतींची जी कास्प चाचणी होते, तिथे हीच व्याख्या वापरतात. साखळीची घडी कशी पडली आहे, कुठला भाग कुठल्या भागाजवळ आला आहे, हे त्यातून छान कळतं. दोन रेसिड्यू खरोखर एकमेकांना भिडलेत का, हे मात्र कळत नाही. ४.५ चं तसं नाही. तिथे दोन्ही रेसिड्यूंचे हायड्रोजन सोडून सगळे अणू घेतात आणि कुठलेही दोन अणू त्या अंतराच्या आत आले की कॉन्टॅक्ट धरतात. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या साधारण १.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन कार्बन ३.४ ला टेकतात. ४.५ म्हणजे टेकणं आणि वर थोडी सूट. मध्ये पाण्याचा रेणू शिरायला जागा उरत नाही.

आता लायसिन आणि ग्लुटामेट ही अमिनो आम्लं घ्या. लायसिनच्या साईड चेनचं टोक, म्हणजे तो धनभारित नायट्रोजन, ती ताणलेली असेल तर सी-बीटापासून सुमारे ५ अँगस्ट्रॉम लांब असतो. ग्लुटामेटचा ऑक्सिजन त्याच्या सी-बीटापासून साडेतीनच्या आसपास. दोघांमध्ये ३ अँगस्ट्रॉमचा उत्तम सॉल्ट ब्रिज (विरुद्ध भारांमधला बंध) असला तरी सी-बीटा ते सी-बीटा अंतर १० च्या पुढे जाऊ शकतं, आणि ८ च्या कटऑफमध्ये तो दिसतच नाही. उलट दोन अ‍ॅलानिनचे सी-बीटा ७ अँगस्ट्रॉमवर असले तर यादीत येतात, पण ते एकमेकांना टेकलेले असतीलच असं नाही. दोन माणसांच्या खांद्यांमधलं अंतर मोजून त्यांनी हात मिळवलाय की नाही ते सांगण्यासारखं आहे हे.

त्यामुळे कटऑफ ठरवण्याआधी तुम्हाला काय विचारायचंय ते एका वाक्यात लिहून काढा, असा माझा आग्रह आहे. घडीची तुलना करायची असेल किंवा कॉन्टॅक्ट मॅप (कुठला रेसिड्यू कुणाजवळ आहे याचा चौकोनी नकाशा) काढायचा असेल तर गाईडचं ८ बरोबर आहे. कुठल्या म्युटेशनने काय बिघडलं हे सांगायचं असेल तर अणूंच्या पातळीवर उतरावंच लागतं, आणि तिथेही सगळ्यांना एकच आकडा चालत नाही. हायड्रोजन बंधासाठी दोन्ही टोकांच्या जड अणूंमध्ये ३.५ पर्यंत अंतर आणि सोबत कोनाची अट. सॉल्ट ब्रिजसाठी अ‍ॅस्पार्टेट किंवा ग्लुटामेटचा ऑक्सिजन आणि लायसिन किंवा आर्जिनिनचा नायट्रोजन यांच्यात ४ पर्यंत. जलविरोधी साईड चेनसाठी कार्बन ते कार्बन ४.५.

तुम्ही हिमोग्लोबिन निवडलंय याचा मला खरंच आनंद झाला. सिकल सेल हा पुस्तकातला आजार नाही. आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागात तो घराघरांत माहीत आहे. आणि त्याचं मूळ एका कॉन्टॅक्टमध्ये आहे. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन येतो. ही जागा रेणूच्या पृष्ठभागावर आहे. एकटा टेट्रामर, म्हणजे दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचा हिमोग्लोबिनचा एक रेणू, घेऊन त्यातले कॉन्टॅक्ट मोजलेत तर निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनमध्ये तुम्हाला फारसा फरक सापडणार नाही. कारण हा व्हॅलिन स्वतःच्या रेणूत काही करत नाही, तो शेजारच्या टेट्रामरच्या बीटा साखळीतल्या ८५ व्या फिनाइलअ‍ॅलानिन आणि ८८ व्या ल्युसिनजवळच्या खोबणीत जाऊन बसतो. तेही ऑक्सिजन सुटलेल्या अवस्थेत. ऑक्सिजन बांधलेला असताना ती खोबण त्याला नीट सामावत नाही. प्रत्येक टेट्रामरमध्ये असे दोन व्हॅलिन असतात, पण दोन पदरी धाग्याला आडवं जोडणाऱ्या या कॉन्टॅक्टमध्ये त्यांतला एकच भाग घेतो. असे धागे जुळत जाऊन पेशी विळ्यासारखी वाकते.

हे बघायचं तर पीडीबी या प्रोटीन रचनांच्या संग्रहातली २एचबीएस ही फाईल घ्या: ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिन, रिझोल्यूशन २.०५ अँगस्ट्रॉम, दोन टेट्रामर, आठ साखळ्या. त्यातला एक टेट्रामर वेगळा काढून काम सुरू केलंत तर आजाराचं कारणच फाईलबाहेर जाईल. आठही साखळ्या ठेवा, आणि पायमॉल या रचना दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये स्फटिकाच्या सिमेट्रीने येणारे शेजारी रेणू उभे करून ५ अँगस्ट्रॉमच्या आत कोण येतं तेही बघा.

निरोगी हिमोग्लोबिनच्या दोन अवस्थांची तुलना करणार असाल तर नेमकी उलटी अडचण येते. ऑक्सिजनविरहित ४एचएचबीमध्ये चारही साखळ्या आहेत, पण ऑक्सिजन बांधलेल्या १एचएचओच्या फाईलमध्ये एक अल्फा आणि एक बीटा एवढंच आहे. उरलेला अर्धा रेणू स्फटिकाच्या सिमेट्रीने तयार करावा लागतो. ऑक्सिजनविरहित अवस्थेत एका अल्फा साखळीचा शेवटचा, १४१ वा आर्जिनिन दुसऱ्या अल्फाच्या १२६ व्या अ‍ॅस्पार्टेटशी सॉल्ट ब्रिज करतो. ऑक्सिजन बांधल्यावर तो तुटतो. पण १एचएचओ तशीच वापरलीत तर तुमची स्क्रिप्ट ‘तुटला’ असं सांगेल ते दुसरी अल्फा फाईलमध्येच नाही म्हणून. उत्तर बरोबर आणि कारण चुकीचं, असा निकाल तोंडी परीक्षेत टिकत नाही. म्हणून बायॉलॉजिकल असेंब्लीची, म्हणजे पूर्ण रेणूची, फाईल उतरवून घ्या, आणि शक्यतो एमएमसिफ या नव्या स्वरूपातली. जुन्या पीडीबी स्वरूपात सिमेट्रीने आलेल्या प्रती वेगळी मॉडेल म्हणून ठेवलेल्या असतात. बायोपायथॉन या पायथॉनच्या लायब्ररीत सवयीने पहिलं मॉडेल उचललं की परत अर्धाच रेणू हातात येतो.

क्रमांकांचाही घोळ असतो. पीडीबीत सिकलची जागा ६ आहे. युनिप्रॉट या प्रोटीनच्या क्रमांच्या संग्रहात तीच ७ होते, कारण तिथे सुरुवातीचा मेथिओनिन मोजतात. जनुकीय अहवालातही हल्ली ७ च लिहितात. दोन्हीकडची माहिती जोडताना हे आधी जुळवून घ्या.

फाईलमध्ये काय नाही हेही पाहा. पीडीबी फाईलच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी रिमार्क ४६५ मध्ये न दिसलेले रेसिड्यू आणि ४७० मध्ये न दिसलेले अणू दिलेले असतात. पृष्ठभागावरच्या लायसिनचं टोक स्फटिकात धूसर असेल तर काही जण ते अणू लिहितच नाहीत, आणि मग तुमच्या यादीत ‘कॉन्टॅक्ट नाही’ असं येतं. एकाच साईड चेनच्या दोन पर्यायी जागा दिल्या असतील तर कुठली घेतली ते नोंदवा. हायड्रोजन नेहमीच्या एक्स-रे रचनेत दिसत नाहीत, ते रिड्यूससारख्या प्रोग्रामने बसवावे लागतात. अ‍ॅस्पॅराजिन, ग्लुटामिन आणि हिस्टिडिनच्या टोकांची दिशा उलटी बसलेली असेल तर तो तीही सुधारतो. हिस्टिडिनकडे विशेष लक्ष द्या. बीटा साखळीतला १४६ वा हिस्टिडिन ९४ व्या अ‍ॅस्पार्टेटशी बांधला जातो तो प्रोटॉन घेतल्यावर, आणि बोर परिणामातला (आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं त्यातला) मोठा वाटा त्याचाच आहे. फक्त लायसिन आणि आर्जिनिनला धनभारित मानणारी स्क्रिप्ट तो सोडून देते.

गणित अवघड नाही. टेट्रामरमध्ये ५७४ रेसिड्यू, म्हणजे १,६४,४५१ जोड्या. साध्या लॅपटॉपवर होतं. आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकाची गरज रेणूच्या हालचालींचं सिम्युलेशन चालवताना लागेल, एका रचनेसाठी नाही. बायोपायथॉनचा नेबरसर्च पुरेसा आहे, पण त्याला सगळे अणू दिलेत तर पाणी, हीम (लोह धरणारा गट) आणि साखळीतले लगतचे शेजारीही यादीत येतात. काय ठेवायचं ते आधी गाळून घ्या, आणि हीम मात्र विचार करून ठेवा. एमडीट्राज हे पायथॉनचं दुसरं पॅकेज अंतरं नॅनोमीटरमध्ये देतं, तिथे ८ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.८. शिवाय सगळ्या जोड्या मागितल्या तरी ते साखळीत तीन जागांपेक्षा कमी अंतरावरच्या जोड्या आपोआप वगळतं, त्यामुळे दोन प्रोग्रामच्या याद्या जुळल्या नाहीत तर आधी इथे बघा. कायमेराएक्स या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रामची कॉन्टॅक्ट आज्ञा अंतर न मोजता त्रिज्यांचं आच्छादन मोजते, म्हणून तिची यादी आणखी वेगळी येते.

हिमोग्लोबिन जवळजवळ सगळं अल्फा हेलिक्सचं, म्हणजे मळसूत्री वळणांचं, आहे. हेलिक्समध्ये दर रेसिड्यू चार जागा पुढच्याशी बांधलेला असतो, त्यामुळे कच्च्या यादीत अशाच जोड्यांची गर्दी होते आणि नकाशात कर्णाला लागून जाड पट्टा दिसतो. तुम्हाला हवेत ते दूरचे कॉन्टॅक्ट: कास्पमध्ये साखळीत २४ किंवा अधिक जागांचं अंतर असलेल्यांना दूरचे म्हणतात. दोन वेगळ्या साखळ्यांमधल्या जोड्यांना ही अट लावू नका. बऱ्याच स्क्रिप्ट नुसत्या क्रमांकांची वजाबाकी करतात आणि अल्फाचा ४० वा व बीटाचा ४१ वा यांना शेजारी समजून फेकून देतात.

गाईडना दाखवताना ४, ४.५ आणि ५ अशा तिन्ही कटऑफचे निकाल शेजारी शेजारी ठेवा. तुमचा निष्कर्ष तिन्हींत टिकला तर आकड्यावरचा वाद तिथेच मिटतो. एखादा कॉन्टॅक्ट फक्त ५ ला येत असेल तर त्या जागेचा इलेक्ट्रॉन डेन्सिटी नकाशा उघडा आणि ते अणू खरंच तिथे दिसतात का ते स्वतः बघा. पद्धतीच्या प्रकरणात कुठले अणू घेतले, कटऑफ किती, साखळीतले किती शेजारी वगळले, कुठली असेंब्ली आणि पर्यायी जागांचं काय केलं, एवढं लिहिलंत की दुसऱ्या कुणालाही तुमची यादी जशीच्या तशी काढता येईल.